पाळी आली म्हणून पोहणं का बुडवायचं?

एप्रिल उजाडला की सोलापुरात सकाळी साडेआठलाच ऊन टोचायला लागतं आणि टँकच्या लेडीज बॅचला गर्दी होते. महिन्याची फी भरायची, टोपी-गॉगल घ्यायचा, हातपाय मारायला जरा जमायला लागलं की एका सकाळी बाकावर बसून राहायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, "जरा कणकण आहे." बॅचमधल्या सगळ्यांना कळतं ती कणकण कसली. आमच्याकडे तिला एमसी म्हणतात, कुणी अडचण म्हणतं, आजीच्या पिढीत बाजूला बसणं म्हणत. नाव काहीही द्या, महिन्याच्या फीमधले चार-पाच दिवस गेलेच. नव्यानं शिकणारीचं तर जास्त नुकसान होतं, कारण श्वासाची लय पाच दिवस सुटली की पुन्हा पहिल्यापासून.

मी गेली बरीच वर्षं सकाळच्या बॅचला जाते आणि पाळीतही पोहते. एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय ते असं, की पाळीत पाण्यात असणं अवघड नाहीच. अवघड असतात ती कपडे बदलायच्या खोलीपासून काठापर्यंतची वीस पावलं, आणि परत येतानाची वीस. त्यामुळे पुढे पोहण्याबद्दल थोडं आणि त्या चाळीस पावलांच्या तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पाण्यात नेमकं काय होतं

पाण्यात गेल्यावर पाळी थांबते, असं बऱ्याच जणी ठामपणे सांगतात. थांबत नाही. बाहेरून पाण्याचा दाब असतो आणि शरीर आडवं असतं, म्हणून रक्त बाहेर येण्याचा वेग मंदावतो एवढंच. खोकला आला, खदखदून हसलं, भिंतीला पाय लावून जोर मारला तर थोडं येऊ शकतं. आणि शिडी चढून बाहेर आलं, की आत राहिलेलं एकदम खाली येतं. बहुतेक फजित्या पाण्यात होत नाहीत, शिडीवर होतात, त्या याच कारणानं.

आता प्रमाण बघा. अख्ख्या पाळीत मिळून सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. कटिंग चहाचा ग्लास अर्धाही भरणार नाही. 80 मिलिलिटरच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. आणि हे चार-पाच दिवसांचं मिळून. पाऊण तासाच्या बॅचमध्ये जाणार ते किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

"पाणी बाटतं का ओ?"

हा प्रश्न मला थेट विचारला गेलाय, म्हणून हिशेबानंच उत्तर देते. 25 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँकमध्ये साडेचार लाख लिटर पाणी असतं. त्यात काहीही न वापरता उतरलेल्या बाईचं रक्त फार तर चमचाभर मिसळेल. तलावाच्या पाण्यात क्लोरीनचं प्रमाण साधारण 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1 ते 3 भाग, ठेवायचं असतं, ते असल्या मिश्रणासाठीच. रक्तातून पसरणारे एचआयव्ही किंवा कावीळ-बी यांसारखे आजार क्लोरीन घातलेल्या तलावाच्या पाण्यातून पसरत नाहीत.

खरं घाण करणारं दुसरंच काही असतं. टँकवर नाकात जातो तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, त्यांचा तो वास, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळे. म्हणजे उतरण्याआधी शॉवर न घेणारा आणि पाण्यातच उरकणारा माणूस पाणी जास्त खराब करतो. त्याला बाकावर कोणी बसवत नाही.

विटाळाचं म्हणाल, तर बसवेश्वरांच्या ज्या शरण परंपरेतले सिद्धरामेश्वर आपलं ग्रामदैवत आहेत, त्या परंपरेनं बाराव्या शतकातच पाच सुतकं नाकारली. त्यात रजःसूतक, म्हणजे पाळीचा विटाळही होता. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजापुढे हात जोडणाऱ्या गावानं टँकवर विटाळ मानावा, याची मला गंमत वाटते.

पॅड घालून उतरू नका

नववीत असताना मी उतरले होते. कोणी सांगितलं नव्हतं, आणि कॉस्च्युमच्या आत जाड पॅड असला की आपण सुरक्षित, असं वाटलं होतं. पॅडमध्ये द्रव शोषून जेलसारखी फुगणारी पूड असते. तिला रक्त आणि टँकचं पाणी यातला फरक कळत नाही. पाचच मिनिटांत तो उशीसारखा झाला, चिकटपट्टी सुटली, एक कड बाहेर आली. मी काठाला धरून बॅच संपेपर्यंत तशीच उभी राहिले. कापडी पॅड, पँटीलायनर, रोजच्या वापरातली पिरियड पँटी, सगळ्यांचं हेच होतं. फुगलेला पॅड नवं रक्तही शोषत नाही, त्यामुळे त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय फाटला तर जेल पाण्यात जातं. काही न घालता उतरणंही त्यापेक्षा परवडलं.

मग काय वापरायचं

पाण्यात खरोखर चालणाऱ्या गोष्टी तीन: टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप (आत घालायची, रक्त साठवणारी, बुडाशी दांडी असलेली सिलिकॉनची छोटी मऊ वाटी) आणि खास पोहण्यासाठी शिवलेले पिरियड कॉस्च्युम.

पिरियड कॉस्च्युमबद्दल आधी सांगून टाकते, कारण जाहिरातीत ते फार सोपं दिसतं. त्याच्या आत पाणी न झिरपणारा थर असतो, तो थोडासा स्राव धरून ठेवतो. चौथ्या-पाचव्या दिवशी, ठिपकेच जात असताना, किंवा कपाला जोड म्हणून ठीक. दुसऱ्या दिवशी एकट्या त्याच्या भरवशावर उतरू नका.

टॅम्पॉन म्हणजे दाबून घट्ट केलेल्या कापसाची बोटभर सुरळी, मागे दोरी. आपल्याकडे मिळणारे बरेचसे नळीशिवायचे असतात, बोटानंच आत सरकवायचे. मोठ्या मेडिकलमध्ये मागितले तर मिळतात, नाहीतर ऑनलाइन. पाकिटावर थेंबांची चित्रं असतात; जितके थेंब जास्त, तितकी शोषणक्षमता जास्त. आपलं काम भागेल त्यातला सगळ्यात कमी थेंबांचा घ्यायचा. हात साबणानं धुवा, एक पाय बादलीवर किंवा कमोडच्या कडेवर ठेवा, अंग सैल सोडा आणि सरळ वर न ढकलता पाठीच्या टोकाकडे, माकडहाडाच्या दिशेनं सरकवा. नीट बसला तर आत काही आहे हे जाणवतच नाही. टोचत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही, काढून नवा घ्या. दोरी बाहेर राहिली पाहिजे. कॉस्च्युमच्या कडेआड दुमडून ठेवा.

टॅम्पॉनचे दोन नियम मोडायचे नाहीत. एक, पोहण्याच्या अगदी आधी घालायचा आणि बाहेर आल्यावर लगेच काढायचा, कारण दोरीतून आणि कापसातून टँकचं पाणी आत ओढलं जातं. दोन, एरवीही चार ते आठ तासांत बदलायचा, आठच्या वर कधीच नाही. टॉक्सिक शॉक सिंड्रोम नावाचा आजार फार दुर्मीळ आहे, पण तो जिवावर बेततो. 1980 च्या सुमारास अमेरिकेत फार जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे त्याचे बरेच रुग्ण आढळले, तेव्हापासून ही काळजी घेतली जाते. टॅम्पॉन आत असताना एकाएकी सणसणून ताप, उलट्या, जुलाब, उन्हानं भाजल्यासारखं लाल पुरळ, चक्कर असं काही झालं, तर तो आधी काढा, तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना सांगा की टॅम्पॉन घातला होता. सांगायला लाजू नका, निदान त्यावरच ठरतं.

कप: सराव घरी, टँकवर नाही

माझं मत विचाराल तर टँकवर जाणारीसाठी कपासारखं दुसरं काही नाही, आणि त्याचं कारण टँकचं बाथरूम. टॅम्पॉन बदलायला तिथं कोरडी, कडी लागणारी, नळ चालू असलेली जागा लागते. कप मात्र घरून घालून निघा, पोहा, घरी येऊन काढा. बारा तासांपर्यंत तो आत ठेवता येतो. टँकच्या संडासात नळाला पाणी आहे का, या चिंतेतूनच सुटका होते. सोलापूरकरांना या चिंतेचं मोल वेगळं सांगायला नको.

पण कप पहिल्याच महिन्यात जमत नाही. माझा तिसऱ्या पाळीला जमला. म्हणून एप्रिलच्या बॅचला जायचं असेल तर गड्डा संपला की कप आणा. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत दोन-तीन पाळ्या हाताशी मिळतात, तेवढा सराव पुरतो.

घेताना मेडिकल ग्रेड सिलिकॉनचाच घ्या. तीन-चारशे रुपयांपासून मिळतो आणि काही वर्षं टिकतो. ज्यांचं नैसर्गिक बाळंतपण झालेलं नाही अशांना सहसा लहान माप लागतं, झालेल्यांना मोठं. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट बघा, ती दुकानदार सांगत नाही: पाळीत स्वच्छ बोट आत घालून गर्भाशयमुख किती अंतरावर लागतं ते. नाकाच्या शेंड्यासारखं टणक-मऊ लागतं. पहिल्या-दुसऱ्या पेरावरच लागलं तर आखूड कप घ्या, लांब कपाची दांडी टोचत राहील.

पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप पाच ते दहा मिनिटं उकळायचा. त्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवा आणि पाणी भरपूर घ्या, तळाला चिकटला तर सिलिकॉन जळतं. बोअरच्या जड पाण्यात उकळला की पांढरट थर बसतो, म्हणून पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या. तो थर अपायकारक नाही, पण कप खरखरीत होतो.

घालण्याची रीत अशी. हात धुवा. कप चपटा करा आणि मधोमध दुमडा, इंग्रजी सी अक्षरासारखा. त्यानं जाड वाटला तर दुसरी घडी करा: कडेचा एक भाग बोटानं आत तळापर्यंत दाबा आणि बाजू मिटवा, टोक निमुळतं होतं. नवशिकीला ही दुसरी सोपी जाते. उकिडवं बसा. आपल्याकडच्या बायकांना भारतीय संडासाची सवय असते, ती इथं कामी येते. घडी घट्ट धरून माकडहाडाच्या दिशेनं सरकवा आणि सोडा. कप आत उघडला पाहिजे. बुडाशी बोट फिरवून बघा. गोल लागला तर उघडलाय, खळगी लागली तर बुडाला धरून थोडा फिरवा. उघडला की कडेनं हवाबंद बसतो आणि तिथून रक्त बाहेर येत नाही, पाणी आत जात नाही. पोहताना तो निसटून पडत नाही, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय फाकवले तरी नाही.

काढताना नवशिक्या घाबरतात. मीही घाबरले होते. बाथरूममध्ये घामाघूम, बाहेर सासूबाई दार वाजवतायत, अशी अवस्था. कप आत हरवत नाही. वर गर्भाशयमुखाचं तोंड एवढं बारीक असतं की तिथून तो जाऊच शकत नाही. उकिडवं बसून शौचाला करतो तसा खाली जोर द्या, बूड हाताला लागेल. दांडी धरून नुसतं ओढू नका. बूड दोन बोटांत चिमटा, हवेची पकड सुटते, मग किंचित तिरका करून आधी एक कड आणि मग दुसरी बाहेर काढा. येत नसेल तर सोडून द्या, अर्धा तास दुसरं काही काम करा आणि पुन्हा बघा. ताणलेले स्नायू त्याला धरून ठेवतात.

तांबी (कॉपर टी) बसवलेली असेल तर कप वापरण्याआधी बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा. कप ओढताना तिचा दोरा ओढला जाऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, किंवा गर्भपात वा क्युरेटिंग (पिशवी साफ करणं) झाल्यावर डॉक्टर हो म्हणेपर्यंत कप नको, टॅम्पॉन नको आणि टँकही नको.

गोळी घेऊन पुढे ढकलू का?

सत्यनारायण, लग्न, वारी यांसाठी पाळी लांबवायची गोळी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मेडिकलवाला चिठ्ठी न बघताही देतो, तिथंच चुकतं. ते नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक आहे. साधारण तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावं लागतं आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असलेल्यांनी ते घ्यायचं नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीच घेऊ नये. जिल्हा स्पर्धा नेमकी त्याच दिवशी असेल तर समजू शकते. रोजच्या बॅचसाठी दर महिन्याला संप्रेरकं खाणं मला पटत नाही.

टँकचा दिवस, पहिल्यापासून

बॅच सातची आहे असं धरू. सव्वासहाला घरी कप रिकामा करून, धुऊन पुन्हा घाला. टॅम्पॉनवाल्यांनी हे काम टँकवर, उतरायच्या आधी करायचं. रिकाम्या पोटी निघू नका. एक केळं किंवा मूठभर भाजक्या शेंगा आणि गूळ पुरे. भारतात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्यात पाळी आणि वर उपाशीपोटी पोहणं म्हणजे चक्करेला आमंत्रण.

पिशवीत नेहमीच्या सामानाबरोबर एक गडद टॉवेल ठेवा. टॉवेलच्या गावात राहतो आपण, मरून किंवा काळा टेरी टॉवेल कुठल्याही दुकानात मिळेल. पांढरा नवा टॉवेल त्या चार दिवसांत घरीच राहू द्या. कॉस्च्युम काळा किंवा गडद निळा, आणि त्याच्या आत किंवा वर पोहण्याच्या कापडाचीच अर्धी चड्डी. सुती निकर आत घालू नका, ती पाणी धरून लोंबते आणि टँकवाले ओरडतात ते वेगळंच. शिवाय कोरडी सुती निकर, नंतरसाठी एक पॅड, जुन्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे आणि पाण्याची एक भरलेली बाटली. बाटली प्यायला नाही. संडासात नळ नसला तर हात नि कप धुवायला.

टँकवर पोचल्यावर आधी संडासला जाऊन या, मग शॉवर. टॅम्पॉनची दोरी एकदा बघून घ्या. गडद टॉवेल कमरेला गुंडाळून काठापर्यंत जा आणि तो खोलीत न ठेवता शिडीच्या शेजारच्या कठड्यावर ठेवा. हे एवढंसं वाटतं, पण निम्मी धाकधूक इथंच संपते. परत येताना तो हाताच्या अंतरावर असतो.

पहिल्या वेळी उडी मारू नका, शिडीनं उतरा. दोन-चार फेऱ्या हळू मारा. कप नीट बसला नसेल तर याच वेळात ओलसर घसरल्यासारखं जाणवतं, तेव्हा शांतपणे बाहेर या. पाण्यात पुसटसा लाल धागा दिसलाच तर तो क्षणात विरतो. ओरडून कोणाला सांगायची गरज नाही, स्वतःवर चिडायची तर मुळीच नाही. वेळेशी स्पर्धा त्या दिवशी नको. थकवा खरा असतो आणि तो मोठ्यांनाही सुटत नाही. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चीनची फू युआनहुई रिले शर्यतीनंतर टीव्हीवर सरळ बोलली होती, की काल पाळी आली, म्हणून दमायला झालं. तिच्या चमूचा चौथा नंबर आला होता. चीनमध्ये तेव्हा टॅम्पॉन फारशा बायका वापरत नसत, त्यामुळे ही पाळीत पोहली कशी, याचीच तिकडे जास्त चर्चा झाली. म्हणजे बाकावरच्या कुजबुजीत आपण एकट्या नाही.

संपल्यावर शिडीपाशी या, एक मिनिट थांबा, मग एकेक पायरी चढा. वर येताच टॉवेल कमरेला गुंडाळा आणि गप्पा मारत न थांबता सरळ आत जा. टॅम्पॉन लगेच काढा, वर्तमानपत्रात गुंडाळून कचरापेटीत टाका. संडासात टाकून वर पाणी ओतलं तर तुंबणारच. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम आहे, म्हणजे कचरा वेचणारीला न उघडताच कळतं. आपणही पेनानं एक ठिपका काढायला हरकत नाही. शॉवर घ्या, पण आतल्या भागाला साबण लावू नका. अंग कोरडं करा, सुती निकर घाला. ओल्या कॉस्च्युमवर पंजाबी ड्रेस चढवून स्कूटीवर होटगी रोडपर्यंत जाणाऱ्या मी पाहिल्यात. बुरशीची खाज येते ती या ओलाव्यानं, आणि दोष पाळीला दिला जातो.

पोटात दुखत असेल तर

पाळीत गर्भाशय आकुंचन पावतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनामुळे, आणि हलका व्यायाम केल्यानं पुष्कळ जणींना बरं वाटतं. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, कंबर सुटते. थंड पाण्यानं गर्भाशय गारठतं वगैरे खरं नाही. मात्र गार पाणी ज्यांना एरवीही सोसत नाही, त्यांनी ऊन जरा वर येऊ द्यावं. मेफ्टालसारखी गोळी घ्यायची तर खाऊन घ्या. तिच्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं 2023 मध्ये इशारा दिला होता, की क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते. अंगावर पुरळ, ताप, गाठी आल्या तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

काही दिवस मात्र खरंच टँकचे नसतात. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजतोय, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडतायत, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येतेय, ताप आहे किंवा स्रावाला दुर्गंधी आहे, अशा वेळी पोहायला जाऊ नका, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्या. हे दर महिन्याला होत असेल तर "मला जास्तच जातं" म्हणून सोडून देऊ नका.

मुलीच्या आईसाठी

बॅचमधल्या एका आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अक्का, पोरीचं लग्न व्हायचंय की ओ. आतमध्ये असलं काय बी घालायचं का?" योनिपटल म्हणजे मार्ग बंद करणारा पडदा नव्हे. ती तोंडाशी असलेली लवचीक कड असते, तिच्यात मुळात उघडी जागा असते, म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं. कपानं किंवा टॅम्पॉननं ती ताणली जाईल, एखादीची थोडी फाटेलही. सायकल, जिम्नॅस्टिक्स यांनीही काहींची फाटते. त्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पाळी सुरू झालेल्या कुठल्याही मुलीला लहान टॅम्पॉन वापरता येतो.

पण जबरदस्ती नको. बारा वर्षांच्या मुलीला आरसा आणि अर्धा तासाचा एकांत द्या, सुटीच्या दिवशी, टँकची घाई नसताना. नाहीच जमलं तर पहिले दोन-तीन दिवस सुटी, चौथ्या दिवशी पिरियड कॉस्च्युम, आणि बाकावर बसायचीच वेळ आली तर खोटी कणकण न सांगता मॅडमना सरळ "एमसी आहे" म्हणायला शिकवा. सर शिकवत असतील तर तुम्ही सांगा: "दोन दिवस हळू पोहेल, उड्या नको." कुठल्याही शिकवणाऱ्याला यापेक्षा जास्त माहितीची गरज नसते.

विहिरीवर

मे महिन्यात शहरातल्या पोरी मामाच्या गावाला जातात आणि कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मीही तशीच शिकले. पाळीच्या दिवसांत विहिरीचा नियम वेगळा काढायची गरज नाही, पण विहिरीत क्लोरीन नाही, जीवरक्षक नाही, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यानं तळाचे दगड वर आलेले असतात. पाणी हिरवं दिसत असेल, शेवाळाचा थर असेल तर पाळी असो नसो, उतरू नका. घरचे तिथलंच पाणी पीत असतील तर कोणीच त्यात पोहू नये. चक्कर येईलसं वाटत असेल, जास्त जात असेल त्या दिवशी नुसतं पायरीवर बसा. टँकमध्ये कोणी धरतं, विहिरीत तितका वेळ मिळत नाही. एकटीनं कधीच नाही, काठावर दोर घेऊन पोहता येणारं मोठं माणूस हवंच. टॅम्पॉन विहिरीवर मी सांगणार नाही, बदलायला जागा नसते. कप मात्र सकाळी घरीच घालून निघा आणि शेतावर काढायच्या फंदात पडू नका. दुपारी जेवायला घरी परत येईपर्यंत तो आरामात टिकतो.